सुसरबाई, तुझी पाठ मऊ



आज जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा. विषय आहे मगर. कॅम्प चारमधल्या निवृत्त मास्तरणीला ही कुठली अवदसा आठवली, असं वाटेल तुम्हाला. पण या गोष्टीची सुरुवात आमच्या घरातच झाली.

२०१७ च्या दिवाळीत माझ्या भाच्याने फ्लोरिडाहून फोटो पाठवले. तो सहकुटुंब तिथल्या एव्हरग्लेड्स नावाच्या पाणथळ प्रदेशात फिरायला गेला होता. लाकडी पायवाट, दोन्ही बाजूंना उथळ पाणी आणि गवत, आणि पायवाटेपासून चार-पाच हातांवर निवांत ऊन खात पडलेले काळे ॲलिगेटर! एका फोटोत त्याची छोटी लेक कठड्याला टेकून हसतेय आणि मागे ते धूड. माझ्या पोटात गोळाच आला. मी ते फोटो संगणकावर मोठे करून बघत होते, तेवढ्यात शेजारचे दादा पापड घेऊन आले.

दादा म्हणजे आमचे सिंधी शेजारी. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "टीचरजी, ये तो मंगोपीर है!"

मी म्हटलं, "दादा, ये अमेरिका है."

"अमेरिका होगा. पर ये मंगोपीरवाले हैं."

शास्त्राच्या दृष्टीने दादा चुकले होते. ॲलिगेटर जगात दोनच ठिकाणी, अमेरिकेच्या आग्नेय भागात आणि चीनमध्ये. आपल्याकडे आहे ती मगर. ती वेगळ्या कुळातली. ॲलिगेटरचा जबडा मिटला की खालचे दात आत झाकले जातात, मगरीचा खालचा चौथा दात मिटल्या तोंडातूनही बाहेर दिसतो. पण आपल्या मगरीचं तोंड तिच्या इतर भाऊबंदांपेक्षा रुंद, थोडं ॲलिगेटरसारखंच. गंमत म्हणजे दादांच्या शंभर वर्षं आधी साहेबांनीही हीच चूक केली होती. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रजी लिखाणांत मंगोपीरचा उल्लेख 'ॲलिगेटरचं तळं' असाच येतो!

मंगोपीर हे कराचीच्या उत्तरेकडचं ठिकाण. तिथे एका सुफी संताचा दर्गा आहे, जवळ गरम पाण्याचे झरे आहेत आणि दर्ग्याच्या पायथ्याशी मगरींचं तळं आहे. संताच्या केसांतल्या उवांच्या मगरी झाल्या, अशी एक दंतकथा सांगतात. आफ्रिकी वंशाचे शिदी लोक तिथे जत्रा भरवतात. तळ्यातल्या सर्वांत थोर मगरीला 'मोर साहब' म्हणतात, तिला शेंदूर आणि हार घालतात, मांस खाऊ घालतात. सिंधमधले हिंदू याच पीराला लाला जसराज म्हणून मानत. दादा लहानपणी आजीबरोबर तिथे गेले होते. १९४७ साली ते आठ वर्षांचे होते. त्यानंतर बोटीने मुंबई आणि मग कल्याणची छावणी.

आमच्या गावाचा इतिहास जवळच्या लोकांना ठाऊक आहेच, परदेशातल्या नातवंडांसाठी थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बॅरॅकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर तिथे जवळजवळ एक लाख सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याचं नाव पडलं उल्हासनगर. ज्या १९४७ साली दादांचं कुटुंब बेघर झालं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत एव्हरग्लेड्स हे राष्ट्रीय उद्यान झालं. इतिहासाच्या तक्त्यावर या दोन घटना शेजारी लिहाव्यात असं मला शिकवताना कधीच सुचलं नव्हतं.

तर दादा म्हणाले, "टीचरजी, आपल्याकडची मगर कुठे दिसते का? एक फोटो निकाल के लाओ ना." (दादा मराठी-हिंदी असं मिसळूनच बोलत.) मंगोपीरला आता काही जाता यायचं नाही, पण मंगोपीरची मगर आणि आपल्या नद्यांतली मगर एकच, हे मी त्यांना सांगितलं होतं. शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलस्ट्रिस, म्हणजे दलदलीतली. इराणच्या बलुचिस्तानापासून सिंध, भारत, नेपाळ ते श्रीलंका एवढा तिचा मुलूख. तिला फाळणी लागू नाही. महाराष्ट्रात महाडजवळ सावित्रीत, चिपळूणला वाशिष्ठीत, मुंबईत पवईच्या तलावात आणि सांगलीकडे कृष्णेत ती आहे. आणि माझी नणंद भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठीच दिलेली. मी दादांना शब्द दिला.

जाण्याआधी जरा वाचन केलं. सवय! आणि वाचता वाचता लक्षात आलं की मगरीचा इतिहास म्हणजे आपण तिच्या किती जवळ गेलो त्याचा इतिहास.

सिंध इंग्रजांनी १८४३ मध्ये जिंकलं आणि थोड्याच वर्षांत मुंबई इलाख्याला जोडलं. ते १९३६ पर्यंत आपल्याच इलाख्यात होतं. रिचर्ड बर्टन हा कंपनीच्या फौजेतला तरुण अधिकारी त्या काळात तिथे होता. १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या सिंधवरच्या पुस्तकात त्याने मंगोपीरची सहल वर्णन केली आहे. कराचीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हे तळं म्हणजे मौजेची जागा वाटे. मगरींच्या पाठींवर पाय देत तळं ओलांडण्याच्या धाडसाचे किस्से त्या काळचे आहेत. एकीकडे आजीबाई भीतभीत मांसाचा तुकडा टाकतायत आणि दुसरीकडे साहेब त्याच देवाच्या पाठीवरून उड्या मारतोय!

पाठीवरच्या पायानंतर आली बंदूक. शिकारीच्या जुन्या पुस्तकांत मगरीला वाघासारखा मानही नाही. नदीतून होडीने जाताना काठावर दिसली की गोळी झाडायची, एवढंच. नंतर कातड्याचा बाजार आला, पर्सेस, पट्टे, बूट. स्वातंत्र्यानंतरही तो थांबला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, मगर पहिल्या अनुसूचीत गेली, आणि १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने देशात मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. अंडी गोळा करायची, उबवायची, पिल्लं वाढवून पुन्हा नद्यांत सोडायची. अमेरिकेतही तसंच झालं. १९६७ साली ॲलिगेटर संकटग्रस्तांच्या यादीत गेला होता आणि १९८७ मध्ये तो पूर्ण सावरल्याचं जाहीर झालं. म्हणजे भाच्याच्या लेकीमागे निवांत पडलेलं ते धूड सुद्धा कायद्याच्या कृपेनेच तिथे होतं.

बंदुकीच्या जागी कॅमेरा घ्या, असं सांगणारे लोकही याच शतकातले. फ्रेडरिक चॅम्पियन या वनखात्यातल्या इंग्रजाने जंगलात तारा लावून, वाघाचा पाय तारेवर पडला की आपोआप फोटो निघेल अशी योजना केली आणि १९२७ साली त्या फोटोंचं पुस्तक काढलं. जिम कॉर्बेटला कॅमेऱ्याची गोडी लागली ती त्याच्यामुळे. हे वाचून मला फार बरं वाटलं. म्हटलं, आपण चांगल्या परंपरेत आहोत. बंदूक वाईट, कॅमेरा चांगला. इतकं सोपं!

एक गोष्ट मात्र तेव्हा नुसती वाचून सोडून दिली होती, ती इथेच सांगून ठेवते. गोव्यात फोंडा तालुक्यात, दुर्भाट-बोरीच्या बाजूला, पौष अमावस्येला 'मानगे थापणी' करतात. मानगे म्हणजे मगर. खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाजवळ चिखलाची मोठी मगर थापायची, शिंपल्या-काड्यांनी तिचे खवले-दात करायचे, फुलं वाहायची. पूर्वी कोंबडीचं पिल्लू देत, आता अंडं ठेवतात. मागणं एवढंच की आमची भातशेती राख, आमच्या माणसांना-गुरांना त्रास देऊ नको.

आणि आपली म्हण तर सगळ्यांना पाठ आहे: सुसरबाई, तुझी पाठ मऊ. अडला माणूस बलवानाची खोटी स्तुती करतो, असा अर्थ मी वर्गात तीस वर्षं सांगितला. आता, सुसर म्हणजे खरं तर लांब निमुळत्या तोंडाची घडियाल. ती उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतली, कृष्णेत तिचा वावर नाही. आपल्याकडे मगर आणि सुसर हे शब्द सैल वापरले जातात, तेव्हा म्हणीतली सुसरबाई ही बहुधा मगरच असणार. दादा मला चिडवत, "हिंदीमें कहते हैं पानी में रहकर मगर से बैर, आणि तुम्ही मराठी लोक म्हणता माशाशी वैर! माशाला कोण घाबरतं?" मला उत्तर सुचलं नव्हतं.

असो. जानेवारी २०१८. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात कल्याणहून कोयना एक्सप्रेस पकडली आणि किर्लोस्करवाडीला उतरले. मगर बघायला थंडीचे दिवस चांगले. ती थंड रक्ताची, अंग तापवायला सकाळी काठावर येते. तोंड उघडं टाकून पडते ते आपल्याला धमकी वाटते, पण ती उष्णता कमी-जास्त करण्याची तिची रीत आहे.

नणंदेच्या ओळखीचे एक भोई गृहस्थ होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या नावेतून निघालो. पाण्यावरचं धुकं विरत होतं. दोन्ही काठांना ऊस, मधे मळीची जमीन, जागोजागी पाण्यात उतरलेले मोटारींचे पाइप. एका वळणावर वाळूचा छोटासा पट्टा होता. तात्यांनी वल्हं थांबवलं आणि नुसती हनुवटी हलवली.

मला आधी काही दिसलंच नाही. मग वाहून आलेला ओंडका वाटला होता त्याला डोळा फुटला. नऊ-दहा फूट असेल. पाठीवर खवल्यांच्या रांगा, मातकट हिरवा रंग, पोटाकडे पिवळट. इतकी स्तब्ध की जवळ एक पक्षी बिनधास्त फिरत होता. मंडळी, भीती नाही वाटली. वर्गात अचानक इन्स्पेक्टर येऊन मागच्या बाकावर बसावा तसं काहीतरी वाटलं. आपणच ताठ होतो.

मी फोटो काढला. माझा कॅमेरा साधा, मुलाने जुना झाला म्हणून दिलेला. पडद्यावर पाहिलं तर वाळूवर एक काडी पडल्यासारखं दिसत होतं. दादांना काय दाखवणार?

"तात्या, थोडं पुढे घेता का?"

"बाई, हितनंच घ्या फोटू. म्होरं गेलं की बुजंल ती."

"थोडंसंच. नुसता ठिपका येतोय हो."

तात्या काही बोलले नाहीत. पाहुणीला नाही कसं म्हणायचं? त्यांनी चार वल्ही मारली. मी आणखी एक फोटो काढला. तोही मनासारखा आला नाही. "आणखी जरासं," मी म्हटलं. आता चॅम्पियनसाहेब वगैरे डोक्यात नव्हते. मला फक्त दात दिसायला हवे होते. ते चौथ्या दाताचं प्रकरण!

मगर उठली नाही, धावली नाही. वाळूवरून नुसती पुढे घसरली आणि पाणी मिटलं. आवाजसुद्धा नाही.

तात्या एकदम उभे राहिले. नाव डगमगली. खालच्या अंगाला ते ओरडले, "ए पोरा, भाईर ये! ए! पाण्यात गेली ती!"

तेव्हा मी पहिल्यांदा तिकडे पाहिलं. शंभरेक पावलांवर एक तरुण मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मोटारीच्या पाइपाचा फूटव्हॉल्व्ह साफ करत होता. त्याने ऐकलं, हातातलं टाकलं आणि पाइपाला धरून धडपडत वर चढला. त्याची एक चप्पल पाण्यातून तरंगत आमच्या पुढे गेली.

काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. पण त्या मुलाने वर उभं राहून आमच्या नावेकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता मोटारीच्या पेटीकडे निघून गेला. तीस वर्षं मुलांच्या नजरा वाचल्या आहेत मी. ती नजर वाचायला काही कठीण नव्हती.

परतताना तात्या म्हणाले, रागाने नाही, समजावून सांगावं तसं, "बाई, ती वाळूवं पडली की समद्यांस्नी ठावं असतंया, कुठं हाय ती. पोरगं तिला बघूनच पान्यात उतरलं हुतं. पान्यात गेली की मग कुनाला म्हाईत?"

त्या रात्री झोप लागली नाही. मी घाबरवलं कुणाला, मगरीला की त्या मुलाला? त्या गावाची मगरीशी एक न लिहिलेली बोली होती. तिने सकाळी अमुक वाळूवर पडायचं, त्यांनी तिला बघून आपापल्या जागी पाण्यात उतरायचं. नजरेसमोरची मगर म्हणजे अर्धी चिंता कमी. नेहमीच जमतं असं नाही. कृष्णाकाठी मगरीने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना मगरीचं कौतुक सांगायला जाण्याची माझी हिंमत नाही. म्हणूनच ती बोली महत्त्वाची. मी एका फोटोसाठी ती मोडली होती. बर्टनच्या काळचा साहेब पाठीवर पाय देऊन गेला, मी डोळ्याने देत होते. पाण्यात उभं राहणारं माणूस दोन्ही वेळा दुसरंच कुणीतरी होतं.

मानगे थापणीचा अर्थ मला त्या रात्री लागला, निदान मी माझ्यापुरता लावला. बांधाजवळ चिखलाची मगर करणं म्हणजे तिला एक जागा देणं. तू इथे, आम्ही इथे. आणि 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' म्हणणारा माणूस नुसता लाचार नसावा. त्याला रोज त्याच नदीवर जायचं आहे. पाठ मऊ नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर तो हात लावत नाही, नुसतं म्हणतो! साहेबाने लावून बघितला, एवढाच फरक.

वाळूचा तो पट्टाही किती दिवस राहील कोण जाणे. मगर काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. वाळू उपसली, ऊस पार पाण्याच्या कडेपर्यंत नेला, की तिला ना ऊन खायला जागा, ना अंडी घालायला. मग ती जिथे नको तिथे दिसू लागते. मगर आहे म्हणजे नदी स्वच्छ, असं एक छान वाक्य मी लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. वडोदऱ्याच्या विश्वामित्रीत सांडपाणी वाहतं आणि तिथेही मगरी आहेत. तिला काठ हवा आणि थोडं अंतर हवं. आमच्या वालधुनीच्या काठाला तर अंतर नावाची गोष्टच उरलेली नाही, माणसांसाठीसुद्धा.

घरी आल्यावर दादांना फोटो दाखवला. पहिलाच, लांबून काढलेला. बाकीचे दोन मी तिथेच पुसून टाकले होते. दादांनी खूप वेळ पाहिला आणि हसले. "मोर साहब इससे बड़ा था."

मग मी त्यांना पाण्यातल्या मुलाची गोष्ट सांगितली. लपवायचं होतं खरं तर, पण सांगितली. ते गप्प झाले. थोड्या वेळाने आपला डावा हात पुढे करून मनगटावर उजव्या हाताची पकड बसवली आणि म्हणाले, "दादी ऐसे पकड़ती थी. इतना ज़ोर से, की निशान पड़ता था. मांस मुजावरकडे द्यायचं. आम्ही भिंतीच्या पुढे कधी गेलोच नाही." इतकी वर्षं मला वाटत होतं की दादांना मंगोपीरच्या मगरी आठवतात. त्यांना आजीची पकड आठवत होती.

दादा २०२१ मध्ये गेले. तो फोटो त्यांच्या मुलाने मोठा करून घेतला होता. दुकानात गल्ल्याच्या मागे लावलाय. गिऱ्हाईक विचारतात, हे काय आहे? खरंच काही कळत नाही त्यात.

२०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालणाऱ्या मगरीचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी एकमेकांना पाठवलात, मलाही चार जणांकडून आला. मी कुणाला काही बोलले नाही. बोलायचा अधिकार माझा उरलाय कुठे?

नणंदेचा नातू आता मोबाइलवर छान फोटो काढतो. दर थंडीत तिचा फोन येतो, "वैनी, तुमची मगर आलीय बरं का वाळूवर. फोटो पाठवू का?" मी आधी विचारते, "मोटारीवर कुणी उतरलं होतं का गं तेव्हा?"